चाकाची धाव आणि चौथी मेणबत्ती

मित्रांनो, मला हात लावून बघा. आधी गार लागेल, मग तळहात तांबूस होईल. घाबरू नका, तो गंज आहे, आणि या वयात तेवढा असायचाच. मी बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव आहे. लाकडी चाक दगडधोंड्यांत झिजू नये म्हणून त्याच्याभोवती जी लोखंडी पट्टी चढवतात, ती मी. माझं चाक केव्हाच चुलीत गेलं. मी मात्र परतूरजवळच्या एका लहान गावात, एका लहानशा चर्चमध्ये चार विटांवर आडवी पडलेली असते, आणि डिसेंबर आला की माझ्यावर मेणबत्त्या लावतात. गाडीची धाव चर्चमध्ये काय करते, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही पुष्कळ दिवस तेच वाटत होतं. मी पहिल्यापासून चौकस. रस्त्यातला खडा न् खडा पारखलेली मी, कशाचा उलगडा झाल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म रामप्रसाद लोहाराच्या भट्टीत झाला. धाव करण्याची एक गंमत आहे. लोहार तिला चाकापेक्षा घेराने मुद्दाम दोन बोटं लहान करतो. मग गोवऱ्यांचा गोल जाळ करून तिला त्यात ठेवतो. ती लाल होऊन फुलली की चौघे जण सांडशीने उचलून चाकावर बसवतात आणि वरून घागरीने पाणी ओततात. मी आक्रसले ती चाकाला घट्ट आवळूनच. माझा मालक तातेराव जरा काळजीत होता, की धाव लहान झाली का काय. रामप्रसाद त्याला म्हणाला, "मोठी केली असती तर उद्याच निसटली असती. लहान केली म्हणून धरून राहील." हे वाक्य मी विसरले नाही. त्याचा उपयोग पुढे भलत्याच ठिकाणी झाला, ते सांगेनच.

तातेरावाचा छकडा होता. त्याचं घराणं ख्रिस्ती, गावातल्या चर्चच्या छोट्या मंडळीतलं. आम्ही कापूस बाजारात न्यायचो, सरपण आणायचो, नवरदेवाची वरातसुद्धा वाहिली. लोक म्हणायचे, तातेरावाची गाडी एका कोसावरून ओळखू येते, काय तिच्या धावेचा आवाज! मला त्याचा फार ताठा होता, कबूल करते. पण माझं सगळ्यात आवडतं काम वेगळंच होतं. महिन्यातून एकदा जालन्याहून पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, रेल्वेने यायचे आणि आम्ही त्यांना आणायला परतूरच्या स्टेशनवर जायचो. तातेराव आदल्या दिवशी आसाला वंगण घालायचा, बैल धुवायचा, गाडीत धुतलेली गोधडी अंथरायचा. रेल्वे कधी वेळेवर यायची, कधी दोन तास उशिरा. एकदा तर पाळकसाहेब आलेच नाहीत आणि आम्ही रिकामे परतलो. पुढच्या महिन्यात तातेराव पुन्हा तेवढ्याच उमेदीने निघाला. चहावाला त्याची थट्टा करायचा, की पाळक काय पांगळा आहे, येईल की पायी. तातेराव चहा फुंकत म्हणायचा, "येतील की. पण अर्धी वाट आपण गेलेलं बरं." मी स्टेशनबाहेर उभी राहून रुळांकडे बघायची. वाट पाहणं म्हणजे काय, ते मी तिथे शिकले, निदान मला तसं वाटत होतं.

मग रबरी टायरच्या गाड्या आल्या. तातेराव गेला. चाकाचे आरे सुटले आणि एका थंडीत ते जळून गेलं. मी घरामागच्या भिंतीला टेकून राहिले. माझ्या आत कोंबड्या अंडी घालायच्या, बाहेरून कुत्रं पाठ घासायचं. भंगारवाला दर वर्षी मला उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा. माझ्या कितीतरी बहिणी जालन्याच्या भट्ट्यांत वितळून घरांच्या सळया झाल्या. माझीही पाळी येणार हे मला दिसत होतं. खरं सांगते, तेव्हा मला रडू यायचं, पण लोखंडाचं रडणं म्हणजे गंज, त्याला कोण विचारतो?

तीन वर्षांपूर्वी सुमित नावाचे तरुण पाळक मोटरसायकलवर येऊ लागले. चर्चची झाडलोट तातेरावाची सून नंदाबाई करते. पाळकांनी तिला मोबाइलवर एक चित्र दाखवलं. हिरव्या पानांचं गोल कडं आणि त्यावर चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. नाताळाच्या आधीचे चार रविवार हा आगमनकाळ. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती, दुसऱ्या रविवारी दोन, अशा वाढवत जायच्या, असं त्यांनी समजावलं आणि एखादी गोल वस्तू मिळेल का, म्हणून विचारलं. नंदाबाईने परात, सूप, सायकलचं टायर सगळं मनातल्या मनात बाद केलं आणि तडक माझ्याकडे आली. कोंबडीला हुसकलं, मला राखेने खसखसून घासलं. तिच्या मुलाने, कल्याणने, परतूरहून माझ्या आतल्या बाजूला चार नट वेल्डिंग करून आणले, मेणबत्त्या उभ्या राहायला. भोवती कडुलिंबाचे डहाळे बांधले, मधूनमधून तुरीची पिवळी फुलं खोवली. मी छान दिसत होते म्हणे.

पण मला ते पटेना. धावायची सवय असलेल्या मला यांनी आडवं पाडून ठेवलं होतं. त्यात हे लोक कोणाची वाट बघतात, हेच कळेना. स्टेशनवर आम्ही न आलेल्या माणसाची वाट बघायचो. इथे ज्याची वाट बघायची तो दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन गेला, असं हेच सांगतात. मग मेणबत्त्या कशाला?

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. आमच्या मंडळीतली निम्मी घरं थंडीत ऊसतोडीला जातात. गेल्या वर्षी टोळी निघायला उशीर झाला. आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला आणि ट्रक सोमवारी सकाळी येणार होता. पाळक त्या दिवशी दुसऱ्या गावी होते. नंदाबाईला एकच मेणबत्ती लावायची आहे हे चांगलं ठाऊक होतं. तिने ती लावलीही. पण समोर बसलेल्या मंडळींचं मन गाण्यात नव्हतं. घराघरांत बोचकी बांधून झाली होती. शेवटी तिची सून, कल्याणची बायको दीपमाला, हळूच म्हणाली, "आत्या, पुढच्या ऐतवारी आमी इथं न्हाईत. नाताळाला बी न्हाईत. समद्या लावा ना, पाहून तरी जाऊ."

नंदाबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि उरलेल्या तिन्ही मेणबत्त्याही पेटवायला सांगितल्या. चौथी कल्याणने लावली. मग जाणाऱ्या एकेका घरासाठी प्रार्थना, प्रत्येकाच्या आवडीचं एकेक गाणं, असं करता करता दुपार झाली आणि मेणबत्त्या दोन-दोन बोटं उरल्या. कल्याणची मुलगी मोनाली तिसरीत आहे. शाळेसाठी ती आजीजवळ राहणार होती. तिने बापाचा सदरा धरून ठेवला होता. कल्याण तिला म्हणाला, की नाताळाच्या आधीच्या रविवारी मी येतो, चौथी मेणबत्ती आपण दोघं मिळून लावू. ती म्हणाली, ती तर तुम्ही आत्ताच लावली. तो म्हणाला, परत लावू. मोनालीने लगेच फुंकर मारून चौथी मेणबत्ती विझवली, नटातून उपटली आणि शाळेच्या कंपासपेटीत ठेवून दिली.

दुसऱ्या रविवारी पाळक आले आणि माझ्यावरचे तीन तुकडे बघून जागीच थांबले. नंदाबाईने काही न लपवता सगळं सांगितलं. ते हसत म्हणाले, "मावशी, पहिल्याच पंगतीला सगळं वाढून टाकलं की. आता वाट कशाची बघायची?"

"जाणाऱ्याला उपाशी कसं धाडावं, पाळकसाहेब?" नंदाबाई म्हणाली.

नव्या मेणबत्त्या आणायच्या नाहीत, आहेत त्याच पुरवून लावू, असं पाळकांनी ठरवलं. मग ते मंडळीला एकेक समजावू लागले आणि मीही कान टवकारले. पहिली मेणबत्ती आशेची, दुसरी शांतीची, तिसरी, ती गुलाबी, आनंदाची आणि चौथी प्रीतीची. जांभळा रंग मनाची झाडलोट करण्याचा. पाहुणा यायचा म्हणून आपण घर सारवतो, तसं मनातलं वैर, खोटेपणा झाडून काढायचा. म्हणून हा काळ नुसता नाताळाचे दिवस मोजण्याचा नाही, तयारीचा आहे. नंदाबाईने ते फारच मनावर घेतलं. त्याच संध्याकाळी ती दोन वर्षं अबोला धरलेल्या जावेकडे जाऊन चहा पिऊन आली.

पण त्याआधी, पाळक बोलत असतानाच, मोनालीने हात वर केला आणि नेमकं माझ्या मनातलं विचारलं. "येशू तर कवाच येऊन गेला. आलेल्या माणसाची वाट कुणी बघतं का?"

मोठी माणसं हसली. पाळक हसले नाहीत. ते म्हणाले, की तो एकदा आला ते बेथलेहेमात, गोठ्यात. एकदा येणार आहे तो शेवटी, सगळ्याचा न्याय करायला, सगळं नवं करायला. आणि या दोहोंच्या मध्ये तो रोज येतो, कोणाच्या ना कोणाच्या रूपाने, पण आपलं लक्ष नसतं. आगमनकाळ आपल्याला लक्ष ठेवायला शिकवतो. एवढा मोठा देव, ते म्हणाले, ओंजळीत मावेल एवढा लहान होऊन आला. हे ऐकून कोणी कोणी नवलाने मान हलवली. मला नवल वाटलं नाही. लहान केली म्हणून धरून राहील, हे मला रामप्रसादने जन्माच्या दिवशीच सांगितलं होतं.

मोनालीचं समाधान झालेलं नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. माझंही पूर्ण झालं नव्हतं.

तिसरा रविवार गेला. चौथ्याच्या आधी नंदाबाईने अंगण सारवलं, कल्याणला आवडतात म्हणून तिळाच्या भाकरीसाठी तीळ निवडून ठेवले. मोनाली शनिवारी दुपारपासून फाट्यावर जाऊन बसली. संध्याकाळी फोन आला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या दोन जोड्या मिळून एक गाडी भरतात. कल्याणच्या गाडीवरच्या दुसऱ्या जोडीतल्या बद्रीनाथच्या पायावर कोयता बसला होता, खोल. त्याला चालता येत नव्हतं. कल्याण निघून गेला तर त्याचं काम कोण ओढणार? तो येऊ शकत नव्हता. मोनालीने फोन कानाला लावून सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाली आणि आजीच्या हातात दिला. रडली नाही. तिने रडावं असं मला फार वाटलं.

रविवारी तीन तुकडे पेटले. पाळकांनी चौथा मागितला, तेव्हा मोनालीने कंपासपेटी पाठीमागे लपवली. आजीने डोळे वटारले, पाळकांनी गोड बोलून पाहिलं. "पप्पा आल्यावर लावू," एवढंच ती म्हणाली. प्रीतीची मेणबत्ती आज न लावता कसं चालेल, असं कोणीतरी पुटपुटलं. पाळक माझ्यावरच्या त्या रिकाम्या नटाकडे बघत उभे राहिले.

मग नंदाबाई उठली. भरल्या सभेत ती कधी बोलत नाही. "माझा सासरा पाळकसाहेबाला आणायला टेशनावर गाडी घेऊन जायचा," ती म्हणाली. "येतील म्हणून घरी बसून न्हाई राह्यला कधी. आपून इथं बसून कोणाची वाट बघून राह्यलो? जाऊ की अर्ध्या वाटंवर."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या अंगावर वंगण घातल्यासारखं वाटलं.

शेजारच्या साहेबरावची पिकअप आहे. त्याचं घर बौद्ध, पण नंदाबाईच्या अडीअडचणीला तो घरच्यासारखा धावतो. त्याला कापूस उतरवायचा होता, तो त्याने जल्दी उतरवला आणि दोनच्या सुमाराला आम्ही निघालो. मला मागे दोरीने बांधलं. नंदाबाई, मोनाली आणि मंडळीतली चार-पाच माणसं माझ्याभोवती बसली. पाळक मोटरसायकलवर पाठीमागून. साहेबरावने विचारलं, की हे एवढं लोखंड कशाला, मेणबत्ती तर खिशात मावली असती. नंदाबाईने सांगितलं, की पोराला घर दिसलं पाहिजे. तीस वर्षांनी मी रस्ता पाहत होते. रस्ता डांबरी झाला होता, बाभळी कमी झाल्या होत्या, पण धुळीचा वास तोच होता.

अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या अलीकडे, पाटाच्या पलीकडच्या मळ्यात टोळीच्या कोप्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या, होत्या. पाटावरचा रस्ता अरुंद, पिकअप पुढे जाईना. उचलून न्यायला मी जड. साहेबरावने मला उभी केली आणि मोनालीच्या हातात एक काठी दिली. "चालव," तो म्हणाला, "मी धरतो."

आणि मी धावले. मातीवरून, मुरमावरून, पाटाच्या दगडी पुलावरून खडखडत धावले. पोरं टायर पळवतात तशी मोनाली मला पळवत होती आणि साहेबराव बाजूने मला हाताने सावरत धापा टाकत होता. विटेसारखी पडून होते ती मी हीच का, असं मला वाटलं. मला इतका आनंद झाला होता की तो गुलाबी मेणबत्तीत मावला नसता.

कल्याण उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढत होता. पाठ आमच्याकडे होती. पुलाच्या दगडांवर माझा आवाज झाला आणि तो तिथेच थांबला. लहानपणी तो त्या आवाजात झोपी जायचा. त्याने मोळी खाली टाकली आणि वळला. मोनालीच्या हातून काठी सुटली. मी तशीच चार हात पुढे जाऊन पाचटात कोसळले, पण माझ्याकडे कोणी बघितलं नाही, आणि बघावं असंही मला वाटलं नाही.

"येतो म्हणलो होतो गं, पण..." कल्याण म्हणू लागला.

मोनालीने कंपासपेटी उघडून दाखवली. "मीच आले," ती म्हणाली.

दीपमालाने उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढी माझ्याभोवती गुंडाळली. कडुलिंबापेक्षा ती मला जास्त शोभली असं सगळे म्हणाले. कोप्याकोप्यांतून माणसं आली. त्यातल्या बहुतेकांनी आगमनकाळ हा शब्दही ऐकलेला नव्हता, तरी लेकरांना मांडीवर घेऊन ती बसली. बद्रीनाथ पायाला पट्टी बांधून कोपीच्या दारात टेकला होता. "माझ्यापायी अडकला हो तो," असं तो नंदाबाईला सारखं सांगत होता. पाळकांनी चौथी मेणबत्ती प्रीतीची, एवढंच सांगितलं. मग बद्रीनाथच्या पायाकडे आणि कल्याणकडे पाहिलं आणि पुढचं भाषण गिळलं. शहाणा माणूस आहे तो.

दिवस मावळत होता, वारा सुटला होता. दोन काड्या विझल्या. मग मोनालीने काडी ओढली आणि कल्याणने काडीभोवती दोन्ही तळहात धरले. उसाच्या पात्यांनी ते हात फाटलेले होते. तिसरी काडी टिकली. दोन बोटांची मेणबत्ती ती, त्या वाऱ्यात एका गाण्यापुरती जळाली असेल.

मोनाली मात्र कधीची काहीतरी विचार करत होती. "पप्पा, तुमी पण वाट बघत होतात का?" तिने विचारलं.

उत्तर दीपमालाने दिलं. "रोज. गाडी भरली की बांधावर उभं राहून रस्त्याकडं बघायचे. मी म्हणायची, तिथून काय गाव दिसतंय का?"

मोनाली पाळकांकडे वळली. "मंग येशू पण आपली वाट बघून राह्यला असंल. म्हणून आपून त्याची बघायची."

पाळक तिच्यासमोर उकिडवे बसले. मग म्हणाले, "बराबर आहे, बाई."

माझं कुतूहल त्या पाचटात फिटलं, मित्रांनो. मला वाटायचं, वाट बघणारा एकीकडे आणि येणारा दुसरीकडे. तसं नसतं. येणाराही तिकडे बांधावर उभा असतो. दोघांनी निघायचं असतं, आणि तो तर आपल्या आधीच निघालेला आहे, गोठ्यापर्यंत, कोपीपर्यंत. म्हणून आलेल्याचीसुद्धा वाट बघायची, आणि बघताना बसून राहायचं नाही.

आता यंदाचा डिसेंबर जवळ आला आहे. नंदाबाईने मला परवाच राखेने घासलं. तुमच्याही घरामागे माझ्यासारखं काही जुनं पडलं असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा घासून बघा, त्याच्याही अंगात थोडी वाट शिल्लक असेल. मला वर्षातून एकदा तेलाचा हात पुरतो, ते विसरलात तरी मी रागावणार नाही. पण चौथ्या रविवारी कोणाची जागा रिकामी दिसली, तर माझ्याभोवती गात बसू नका. मला उचला आणि तिकडे घेऊन चला. मी जड आहे, पण मला चालायची सवय आहे.